रायफलचा झटका कमी कसा करतात? गेममधला रिकॉइल आणि खऱ्या खांद्याचं गणित

बीजीएमआयमध्ये कॉम्पेन्सेटर लावला की रिकॉइल कमी होतो आणि उरलेला आपण अंगठ्याने सांभाळतो. खऱ्या रायफलीत तो झटका खांद्याला झेलावा लागतो. अकोटजवळ राहणाऱ्या माझ्या मामांकडे परवान्याची .315 बोअरची रायफल आहे. एकदा रेंजवर सराव करून आले, तर खांदा निळा पडलेला. म्हणाले, "भाच्या, गोळी टारगेटले कमी अन् मलेच जास्त लागली!"

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे हौसेची शिकार बंद आहे. रोही किंवा रानडुकराने तूर-हरभरा कितीही तुडवला, तरी अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी चालवता येत नाही. पण परवानगी मिळाली तरी झटक्याच्या भीतीने नेम हलला, तर रानडुक्कर मरत नाही, जखमी होतं. असं जखमी जनावर पऱ्हाटीत लपून बसलं, की सकाळी तिथे कापूस वेचायला बायका जाणार असतात. म्हणून हा विषय फक्त खांदेदुखीचा नाही.

आता हिशोब बघू. गोळी आणि बारूदाचा गॅस पुढे जितका संवेग घेऊन जातात, तितकाच रायफलीला मागे मिळतो. न्यूटनचा तिसरा नियम, शाळेतलाच. एनसीसीत आपण चालवतो त्या .22 ची गोळी साधारण 2.6 ग्रॅमची, वेग सेकंदाला 330 मीटरच्या आसपास. 4 किलोची रायफल असेल, तर मागे येणारी ऊर्जा जेमतेम 0.1 ज्यूल. आता मोठ्या जनावरांसाठी बनलेली .375 एच अँड एच मॅग्नम घ्या. गोळी 19.4 ग्रॅम, वेग सुमारे 770 मीटर. तेवढ्याच वजनाची रायफल मागे येते सेकंदाला 5 मीटरने, म्हणजे ताशी 18 किमी. ऊर्जा 50 ज्यूलच्या पुढे. सायकलच्या वेगाने चार किलोचा ठोकळा खांद्यावर आदळतो असं समजा.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वजन. 4 किलोची रायफल 5 किलोची केली, की झटक्याची ऊर्जा 20 टक्के घटते. पण ती उचलून फिरायचं कोणी?

दुसरा उपाय रबरी पॅडचा. पॅड संवेग कमी करत नाही, तो वेळ वाढवतो. कॅच घेताना आपण हात मागे नेतो, तसंच. शिवाय तोच जोर जास्त जागेवर पसरतो. एक इंच जाड पॅड लावला, तर तेवढं लाकूड कापावं लागतं. नाहीतर दस्ता लांब होतो आणि शर्टात अडकतो. हे काम परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्यायचं.

दस्त्याचं माप मात्र लोक विसरतात, आणि माझ्या मते निम्मा त्रास तिथेच असतो. दस्ता गळ्याच्या हाडावर नाही, खांद्याच्या खोबणीत घट्ट बसायला हवा. "लागेल" म्हणून थोडा लांब धरला, तर रायफल वेग घेऊन आदळते आणि जास्तच लागते. पोटावर झोपून नेम धरला की शरीर मागे सरकत नाही, म्हणून तिथे झटका उभ्यापेक्षा जड वाटतो.

आणि गेमवाला मझल ब्रेक? तो खरंच काम करतो. नळीच्या तोंडाशी गॅस बाजूला आणि थोडा मागे वळवतो, त्यामुळे मॅग्नम रायफलीचा झटका बराच उतरतो. पण तोच आवाज मग चालवणाऱ्याच्या कानाकडे येतो. रायफलीचा आवाज तसाही 150 डेसिबलच्या वर असतो, आणि 140 च्या पुढे एक बारही कायमचं नुकसान करू शकतो. गेममध्ये कानाचा हेल्थ बार नसतो ना! ब्रेक असेल तर कानात प्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही घाला.

एवढं करूनही मेंदूत बसलेली भीती उरते. ट्रिगर दाबताना डोळे मिटतात, खांदा आधीच पुढे ढकलला जातो. ती पकडायची युक्ती मी एनसीसीत शिकलो. सोबत्याने न सांगता मधेच डमी काडतूस भरायचं. बार होत नाही, झटका येत नाही, तरी नळी खाली डुबकते. मग चोरी उघडी पडते.

मामांच्या दस्त्याला लोखंडी पट्टी होती. तिथे आता रबर बसवलंय, मापही दुरुस्त केलं. खांदा निळा पडत नाही. गेल्या वेळी मात्र पाच डमींपैकी दोनदा नळी डुबकलीच.