लाळेची साक्ष कुठे ग्राह्य?

सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूची लागण बाळाला आईच्या पोटातच होऊ शकते. अशी बरीच बाळं जन्मतः ठणठणीत दिसतात. काहींचं ऐकणं मात्र पुढे हळूहळू जातं. अनेक देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर टिपून घेतातच, तेव्हा त्यांतच हा विषाणू शोधावा, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेत हजारो बाळांवर ते करून पाहिलं गेलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लागण झालेल्या बाळांपैकी जेमतेम एक तृतीयांश रक्ताच्या थेंबांतून सापडली. पुढच्या वर्षी सुमारे ३५ हजार बाळांच्या लाळेच्या पीसीआर तपासणीचे निष्कर्ष आले, आणि लाळेने ९७ टक्क्यांहून अधिक बाधित बाळं हेरली होती. रक्त खरं आणि लाळ दुय्यम, हा समज इथे साफ उलटा पडतो. हा विषाणू लालाग्रंथींतच वाढतो आणि लाळेत मुबलक उतरतो; रक्तात तो त्या मानाने विरळ असतो.

म्हणूनच लाळेची तपासणी भरवशाची की नाही, असं सरसकट विचारण्यात अर्थ नाही. जे शोधायचं ते लाळेत कोणत्या वाटेने येतं, हे आधी पाहायला हवं. रक्तातून येणाऱ्या पदार्थाला लालाग्रंथींच्या पेशींची चाळण पार करावी लागते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक लहान आणि मेदात विरघळणारं, त्यामुळे ते सहज पार होतं. त्याचा प्रथिनांना चिकटलेला भाग मागे राहतो आणि शरीरावर प्रत्यक्ष परिणाम करणारा मोकळा भाग तेवढा लाळेत येतो. कुशिंग विकारात रात्री उशिराही कॉर्टिसॉल उतरत नाही. त्या वेळी रुग्णाने घरीच कापसाची सुरळी चघळून नमुना द्यावा, हे दवाखान्यात सुई टोचण्यापेक्षा बरं, कारण त्या धास्तीनेच हे संप्रेरक वाढतं. साखरेचं मात्र असं नाही. ती लाळेत अगदी थोडी झिरपते, शिवाय तोंडातले जिवाणू तिच्यावर ताव मारतात. मधुमेह्यांची सुई इतक्यात सुटणार नाही.

लाळ अन्नाने, वेळेने बदलते, हा आक्षेप खराच आहे. पण त्याला शिस्तीने उत्तर देता येतं. आईच्या दुधातूनही सायटोमेगॅलो बाळाच्या तोंडात येतो, म्हणून दूध पाजल्यावर तासभर थांबून नमुना घेतात आणि विषाणू सापडलाच तर लघवी तपासून खात्री करतात. अधिक गंभीर आक्षेप चुकीच्या दिलाशाचा आहे. हिरड्यांवरचा द्रव टिपून घरच्या घरी एचआयव्ही तपासणाऱ्या संचाला अमेरिकेत २०१२ साली परवानगी मिळाली, तेव्हाच तो बारा बाधितांमागे साधारण एकाला चुकवतो हे ठाऊक होतं. तरीही परवानगी योग्यच म्हणावी लागेल, कारण दवाखान्याची पायरीच न चढणारे लोक त्यामुळे निदान तपासणीपर्यंत पोचतात. कोविडच्या काळात नागपूरच्या नीरी संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून विषाणू शोधायची पद्धत काढली, तीही अशीच सोयीची होती: नाकात काडी नको, आणि नमुना घेणारा तंत्रज्ञही नको. मुखाच्या कर्करोगात तर लाळ गाठीला थेट स्पर्श करते, तेव्हा इथे ती सर्वांत उपयोगी पडावी. पण कर्करोगात वाढणारी काही प्रथिनं हिरड्या सुजल्यावरही वाढतात, आणि तंबाखू खाणाऱ्या तोंडात निरोगी हिरड्या क्वचितच सापडतात. त्यामुळे गालातला चट्टा संशयास्पद वाटला की डॉक्टर आजही त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवतात.