बीटलच्या पुढच्या चाकांत हवा कमी का?

साठच्या दशकातल्या फोक्सवॅगन बीटलसाठी पुढे साधारण 16 आणि मागे 24 पौंड हवा सांगितलेली असे. पंपावर मात्र सवयीने चारही चाकांत 30 भरतात, आणि तिथेच घात होतो. बीटलचं इंजिन मागे, म्हणून वजनही मागेच जास्त. वळणावर मागची बाजू बाहेर फेकली जाऊ पाहते. पुढचे टायर मऊ असले की ते वळताना जास्त मुरडतात, पुढची पकड थोडी ढिली होते आणि गाडी सावरते. हे आकडे जुन्या क्रॉस-प्लाय टायरांचे. रेडियल बसवले असतील तर दोन-तीन पौंड वाढवा, पण पुढचा-मागचा फरक अजिबात मोडू नका. हवा मोजायची ती टायर थंड असताना, गाडी हलवण्याआधीच.