आज्ञावलीची मालकी



कारखान्यात नवे यंत्र आले की अनुभवी फिटर पहिला प्रश्न विचारतो तो हा, की याचे ड्रॉइंग कुठे आहे? यंत्र कितीही चांगले असो, ड्रॉइंग हाती नसेल तर ते बिघडेपर्यंतच आपले असते. संगणकावरील आज्ञावलीलाही, म्हणजे ज्याला आपण सर्व जण सॉफ्टवेअर म्हणतो त्यालाही, हाच न्याय लागू आहे. आज्ञावली ही माणसांनी ओळीमागून ओळ लिहिलेली संहिता असते, आणि ती संहिता हेच तिचे ड्रॉइंग. विकत मिळणाऱ्या पुष्कळशा आज्ञावलींची संहिता विकणारा आपल्या कपाटात ठेवतो आणि आपल्या हाती फक्त वापरण्याचा परवाना देतो. याच्या उलट, जिची संहिता सर्वांना वाचता येते, आणि ती हव्या त्या कामाला वापरण्याची, बदलण्याची व बदललेली प्रत शेजाऱ्याला देण्याची मुभा परवान्यातच लिहून दिलेली असते, ती ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत आज्ञावली होय.

एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. मुक्त आज्ञावली विकता येते, ती बसवून देण्याचे व दुरुस्त करण्याचे पैसे घेता येतात आणि घ्यावेतही. उलट, आपल्या मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या कितीतरी गोष्टी मुळीच मुक्त नसतात.

ही कल्पना काही कालची नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक आज्ञावलीकार होता. तेथील छपाईयंत्राची संहिता त्याला मिळेना, म्हणून ते सुधारता येईना. १९८३ साली त्याने संपूर्ण मुक्त संगणकप्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८९ साली परवान्याचा एक मसुदा प्रसिद्ध केला. त्यातील मुख्य अट अशी, की ही आज्ञावली बदलून पुढे देणाराने पुढच्यालाही तेच हक्क दिले पाहिजेत. आम्हां युनियनवाल्यांना ही अट चटकन समजते. मिळालेला हक्क पुढच्या पाळीच्या कामगाराला दिलाच पाहिजे, मधल्या मुकादमाने तो गिळता कामा नये, असा तिचा अर्थ. पुढे १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहिले. आज आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे त्यांच्या फोनचा गाभा हेच लिनक्स आहे, आणि जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व यंत्रे २०१७ पासून त्याच्यावर चालतात.

परंतु आपण येथे वाचनालयाच्या अंगणात बसलो आहोत, तेव्हा महासंगणक राहू द्या. एका गावच्या वाचनालयाची गोष्ट सांगतो.

न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा एक लहानसा जिल्हा आहे. १९९९ साली तेथील ग्रंथालय न्यासापुढे एक अडचण उभी राहिली. ग्रंथांच्या देवघेवीची त्यांची जुनी आज्ञावली २००० साल ओळखणार नव्हती. नवी विकत घ्यावी तर त्या मोठ्या ग्रंथालयांच्या बेताच्या, किमतीही तशाच, आणि त्यांना लागणारी दूरध्वनीची खास तार परवडणारी नाही. तेव्हा त्यांनी कटिपो कम्युनिकेशन्स नावाच्या एका छोट्या कंपनीकडून स्वतःपुरती आज्ञावली लिहून घेतली. १ जानेवारीची सुट्टी संपताच, २००० सालच्या पहिल्या आठवड्यात, ती सुरू झाली. ग्रंथालयाला आज्ञावली विकण्याचा धंदा करावयाचा नव्हता आणि कंपनीलाही नव्हता. मग त्यांनी ती मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकली. नाव ठेवले कोहा. माओरी भाषेत याचा अर्थ भेट, आहेर असा आहे. आहेराची परतफेड करावी लागते, हे माओरींना जसे ठाऊक आहे तसे आपल्यालाही आहे. आणि परतफेड झालीही. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नेल्सनव्हिल येथील सार्वजनिक ग्रंथालयाने पदरचे पैसे खर्चून कोहाला ग्रंथनोंदीची मार्क नावाची जागतिक पद्धत शिकविली, आणि ती सुधारणा होरोव्हेनुआला आपोआप मिळाली. पुढे एका अमेरिकन कंपनीने कोहा या नावावरच न्यूझीलंडमध्ये व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगितला. ते भांडण काही वर्षे चालले आणि शेवटी ग्रंथालय न्यासाच्या बाजूने लागले. आज आपल्या देशातील अनेक विद्यापीठांची ग्रंथालये कोहा वापरतात. दहा माणसांच्या गावगाड्यातली गरज, आणि तिच्यातून एवढा पसारा.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या युनियनचा अनुभव सांगतो. सभासदांची यादी, वर्गणी, कोण कधी कामावर लागला त्याच्या तारखा, हे सर्व आम्ही एका विक्रेत्याच्या आज्ञावलीत ठेवीत होतो. त्याने धंदा गुंडाळला. जुना संगणक बंद पडला आणि नव्यावर ती आज्ञावली चालेना. नोंदी डोळ्यांसमोर, पण वाचता येत नाहीत. ग्रॅच्युइटीचा हिशेब सेवेच्या वर्षांवर बसतो. तारीख गेली की म्हाताऱ्या माणसाचे पैसे अडतात. कार्यालयातल्या दोन मुलींनी जुन्या छापील याद्या काढून त्या तारखा पुन्हा भरल्या. ज्यांच्या याद्या वाळवीने खाल्ल्या होत्या त्यांच्यासाठी आम्हांला मालकाच्या दारात कागद मागत उभे राहावे लागले, आणि मालकाच्या कागदावर मालकाशीच भांडायचे म्हणजे काय ते येथे बसलेल्या कामगारांना सांगावयास नको.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर जुलै २०२५ मध्ये घडली. नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत वाडीनारला आहे. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा असल्यामुळे युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. निर्बंध भारत सरकारचे नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. पैसे भरलेले असूनही आपलीच कागदपत्रे आपल्याला उघडता येत नाहीत, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. महिना संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाल्या खऱ्या, पण ज्याला जे समजावयाचे ते समजले. येथे न्यायाने बोलले पाहिजे: आज्ञावली मुक्त असली आणि ती परक्याच्या संगणकावर चालत असली, तर तीही बंद पाडता येते. ड्रॉइंग आपले हवे, तशी शेडही आपली हवी.

सरकारांनाही ही जाणीव होऊ लागली आहे. आपल्या केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी कामात मुक्तस्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळने त्याच्याही आधी आपल्या शाळांत लिनक्स नेले आणि शिक्षकांनाच ते शिकविण्यास तयार केले. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ साली सुमारे ३०,००० सरकारी संगणकांवर लिबरऑफिस आणावयाचे ठरविले. पण जर्मनीतच म्यूनिक शहराने सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेऊन २०१७ साली परत विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. त्यात राजकारण होते, तशा कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही होत्या. माझे मत असे, की टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला आधी विचारले नाही, शिकवले नाही, तर कोणतीही सुधारणा त्याला शिक्षाच वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः उभा राहिलो तिकडे येतो. हे सारे लिहिते कोण, आणि त्याच्या चुलीचे काय?

इंटरनेटवर बँकेचा व्यवहार करताना जे कुलूप लागते ते पुष्कळदा ओपनएसएसएल नावाच्या मुक्त आज्ञावलीचे असते. २०१४ साली तिच्यात ‘हार्टब्लीड’ नावाचे भगदाड सापडले तेव्हा जगाला कळले, की या कुलपाची पूर्ण वेळ देखभाल करणारा माणूस एकच होता, आणि देणग्या वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर येत होत्या. त्यावर कोट्यवधींचा धंदा करणाऱ्या कंपन्यांनी मग घाईघाईने निधी उभारला.

दहा वर्षांनी याहून गंभीर प्रकार झाला. एक्सझेड नावाची, माहिती दाबून लहान करणारी एक आज्ञावली आहे. फिनलंडमधील लासे कॉलिन हा गृहस्थ ती वर्षानुवर्षे, रिकाम्या वेळात, विनामोबदला सांभाळीत होता. तो थकला होता. प्रकृतीही बरी नव्हती, असे त्यानेच लिहिले होते. अशा वेळी ‘जिया टॅन’ नावाचा कोणी मदतनीस आला, निमूटपणे कामे करू लागला. दुसऱ्या काही नावांनी पत्रे येऊ लागली: काम फार सावकाश चालते, याला अधिकार द्या. अधिकार मिळाले. फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत त्या मदतनिसाने एक चोरदरवाजा बसविला. दूरच्या संगणकात शिरण्याचा जो पहाऱ्याचा मार्ग, तोच त्याने पोखरला. सुदैवाने मार्चअखेर आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की त्या मार्गाने आत जाण्यास नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो. त्याने त्याचा माग काढला आणि सर्वांना सावध केले. जिया टॅन नावाआड कोण होते ते अद्याप उजेडात आलेले नाही. हा अभियंता मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत होता, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आणि संहिता उघडी होती म्हणूनच त्याला आत डोकावता आले.

यात दोष उघडेपणाचा नव्हे, बिनपगारी श्रमाचा आहे. जर्मन सरकारने २०२२ पासून अशा आज्ञावलींच्या देखभालीसाठी पैसे देण्यास आरंभ केला आहे. आपल्याकडे असा पगार कोण देणार, हे ठरावयाचे आहे.

परवान्याचे बळही अलीकडे दिसून आले. मार्च २०२४ मध्ये रेडिस या आज्ञावलीच्या मालकांनी तिचा मुक्त परवाना काढून घेतला. काही दिवसांतच तिच्या जुन्या मुक्त प्रतीवरून लोकांनी ‘वाल्की’ उभी केली. मे २०२५ मध्ये रेडिसने पुन्हा मुक्त परवाना देऊ केला.

आपल्या वाचनालयाने कोहा घ्यावयाचे ठरविले, तर आज्ञावलीला पैसे पडणार नाहीत. ते पडतील माणसाला. देवनागरीत नोंदी होतात, तेव्हा मराठी पुस्तकांची अडचण नाही. खरा घाम ग्रंथसूची भरण्यात जाईल. ज्याला काम द्याल त्याच्या करारात दोन कलमे घाला. सर्व नोंदी दरमहा मार्क पद्धतीत काढून त्यांची प्रत वाचनालयाच्या कपाटात ठेवावी; आणि वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर भरून, ग्रंथपालांच्या समक्ष, कोणतीही पन्नास पुस्तके शोधून दाखवावीत. ती सापडली तरच वर्षाचे शेवटचे बिल द्यावे.