हेलिकॉप्टरचें इंजिन बंद पडतें तेव्हां

आकाशांत इंजिन बंद पडलें कीं हेलिकॉप्टर धोंड्यासारखें खालीं कोसळतें, असा समज सर्वत्र रूढ आहे. साध्या विमानाला निदान पंख तरी असतात. त्यांच्या आधारें तरंगत तें एखाद्या शेतांत उतरूं शकतें. ह्या यंत्राला कशाचा आधार? प्रश्न रास्त आहे. समज मात्र चुकीचा आहे. १९३७ सालच्या मे महिन्यांत जर्मनीमध्यें एवाल्ड रोल्फ्स ह्या वैमानिकानें फोके-वुल्फ ६१ हें हेलिकॉप्टर इंजिन बंद ठेवून सुखरूप जमिनीवर उतरविलें. तेंच कौशल्य आज शिकाऊ वैमानिकाला हस्तगत करावें लागतें.

ह्यांतील मर्म मुलांच्या भिरभिऱ्यांत आहे. इंजिन चालू असतां हेलिकॉप्टरचीं पातीं वरची हवा खालीं लोटतात. तें बंद पडून यंत्र खालीं येऊं लागलें कीं हवा खालून वर पात्यांमधून वाहूं लागते, आणि तीच त्यांचें भ्रमण चालू ठेवते. थांबलेल्या इंजिनानें पात्यांना अडवूं नये म्हणून मध्यें सायकलच्या फ्रीव्हीलसारखी योजना असते. ह्या क्रियेस ऑटोरोटेशन म्हणतात. आपण तिला स्वयंभ्रमण म्हणूं.

परंतु हवेनें हें काम करावयाचें तर वैमानिकानें तिला वाट करून दिली पाहिजे, आणि सारी अडचण येथेंच आहे. त्याच्या डाव्या हाताशीं एक दांडा असतो. तो वर ओढला कीं पात्यांचा कोन वाढतो व यंत्र चढतें. इंजिन बंद पडतांच हा दांडा तत्काळ खालीं दाबावयाचा असतो. पडूं लागलेल्या माणसाची सहजप्रवृत्ति नेमकी उलट. तो दांडा वर ओढावयास धांवतो. तसें केलें, किंवा नुसता विचार करीत राहिलें, तरी पात्यांचा वेग मंदावतो. आणि तो एका मर्यादेखालीं गेला कीं मग कोणताहि उपाय चालत नाहीं. रॉबिन्सन आर २२ हें दोन आसनांचें हेलिकॉप्टर अनेक देशांत शिक्षणासाठीं वापरतात. त्याचीं पातीं हलकीं असल्यानें वैमानिकाला जेमतेम एक-दीड सेकंद मिळतो. ‘अरे, इंजिन बंद पडलें’ एवढें उच्चारण्यासहि तो पुरावयाचा नाहीं.

पुढील भाग त्या मानानें सोपा. ताशीं सुमारें १२० किलोमीटर वेग राखून, वाऱ्याकडे तोंड करून मोकळी जागा गांठावयाची. हजार फुटांवरून उतरण्यास अर्धें-पाऊण मिनिट लागतें. जमीन ४० फुटांवर आली कीं नाक उचलून पुढचा वेग मोडावयाचा, यंत्र सपाट करावयाचें आणि शेवटच्या कांहीं फुटांवर दांडा वर ओढावयाचा. पात्यांच्या भ्रमणांत सांठलेली शक्ति ह्या एका ओढींत खर्च होते. ओढ घाईनें आधींच दिली, तर उरलेलें अंतर खरोखरच धोंड्यासारखें पडावें लागतें. शंभर फुटांवर जागच्या जागीं तरंगत असतां इंजिन गेलें, तर उंचीहि नाहीं व वेगहि नाहीं. म्हणून जाणता वैमानिक तेथें विनाकारण रेंगाळत नाहीं.

मग ही विद्या शिकवावी कशी? शिक्षक इंजिन खरोखर बंद करीत नाहीं. थ्रॉटल मिटून त्याचा जोर काढून घेतो आणि बहुधा जमिनीजवळ तो परत देतो. कांहीं शिक्षकांना थ्रॉटल अकस्मात मिटून शिष्याची परीक्षा पाहण्याची हौस असते. खरें संकट कांहीं सांगून येत नाहीं, हा त्यांचा युक्तिवाद. परंतु अशा परीक्षेंतच अपघात घडूं लागले, तेव्हां आर २२ च्या निर्मात्यांना सुरक्षा-पत्रक काढून तिच्याविरुद्ध बजवावें लागलें. शिष्याला आधीं सांगावें, खालीं उतरण्याजोगी जागा असावी आणि थ्रॉटल हळूहळू मिटावा, ही रीतच मला शहाणपणाची वाटते. त्या वेळीं शिक्षकाचा स्वतःचा हातहि डाव्या दांड्यावर असावा लागतो; कारण शिष्य तो वर ओढूं लागला, तर त्याला शब्दांनीं थांबविण्याइतका अवधि नसतो.