भटारखान्याचा मागचा दरवाजा

आपल्या वस्तीतील कितीतरी माणसे हॉटेलात कामाला आहेत. कोणी मोरीवर, कोणी टेबलावर, कोणी तव्यावर. घरी आल्यावर ती कामाविषयी फारसे बोलत नाहीत. उष्ट्या बशांत आणि भट्टीच्या धगीत सांगण्यासारखे काय आहे, असे त्यांना वाटते. मलाही अनेक वर्षे तसेच वाटत होते. आज मी एका कचेरीत कारकून आहे आणि संध्याकाळी वस्तीतील अभ्यासिकेचे काम पाहतो. परंतु वयाच्या पंधराव्या वर्षापासून तीन वर्षे मी दादरच्या एका शाकाहारी हॉटेलच्या भटारखान्यात काढली आहेत.

अभ्यासिकेतील एक मुलगा परवा माझ्याकडे आला. बारावीची परीक्षा दिलेली, वय अठरा पूर्ण. निकाल लागेपर्यंत हॉटेलात काम धरतो म्हणाला. जाता जाता दारात थांबून त्याने विचारले, "सर, तिथं आडनाव विचारलं तर काय सांगू?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. तीस वर्षे लोटली तरी प्रश्न तोच आहे, म्हणून हे लिहीत आहे. माणसांची नावे देत नाही. त्यातील काही आज हयात नसतील आणि जी आहेत त्यांना विचारलेले नाही.

मागच्या दाराने प्रवेश

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. वडील रिंग खात्यात होते. संपानंतर त्यांना गिरणीने परत घेतले नाही. त्यांनी हमाली केली, रखवालदारी केली. आई घरोघरी भांडी घासत असे. 1994 च्या जूनमध्ये मी आठवी पास होऊन नववीला रात्रशाळेत नाव घातले आणि वडील मला हॉटेलच्या मागच्या दाराने शेटपुढे घेऊन गेले. त्यांनी माझे नाव सांगितले, गाव सांगितले. आडनाव शेटने विचारले नाही आणि वडिलांनी सांगितले नाही. पगार महिना चारशे रुपये आणि दोन वेळचे जेवण ठरले.

बाहेर बसून इडली खाणाऱ्याला भटारखान्यातली उतरंड दिसत नाही. सर्वांत वर वस्ताद. त्याच्याखाली तवेवाला आणि पुरीवाला. मग भाजी चिरणारे, मग टेबल पुसणारे पोरे, मग दुकानादुकानांत चहा पोहोचवणारा बाहेरवाला आणि सर्वांत खाली मोरी. पाणी आणि उष्टे जितके जास्त, तितका पगार कमी. मला अर्थातच मोरी मिळाली.

वस्ताद दक्षिण कानडातला, पन्नाशीचा माणूस. सांबार तो चाखत नसे. पातेल्यावर वाकून वाफेचा वास घेई आणि मीठ कमी की जास्त ते सांगे. चूक झाली की पळीचा दांडा पाठीत बसे. मात्र स्वतः पहाटे साडेपाचला सर्वांच्या आधी भट्टीपुढे उभा असे आणि पोरे जेवल्याशिवाय जेवत नसे.

मोरीवर माझे जोडीदार होते काका. रत्नागिरीकडचे, मराठा समाजाचे. एके काळी गिरणीच्या विणकाम खात्यात माग चालवणारे. संपाने त्यांनाही रस्त्यावर आणले होते. मागावर ज्या हातांनी बारीक सूत सांभाळले, ते हात दिवसभर सोड्याच्या पाण्यात राहून पांढरे पडले होते.

आणि बाहेरवाला. उत्तर प्रदेशातून आलेला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तारेच्या जाळीत आठ ग्लास घेऊन गर्दीतून धावे, थेंब सांडू देत नसे. कोणत्या दुकानाकडे किती चहा बाकी आहेत याचा चाळीस गिऱ्हाइकांचा हिशेब त्याच्या तोंडावर. लिहिता मात्र एक आकडाही येत नव्हता.

कणीक आणि सहा डिसेंबर

ऑक्टोबरमध्ये कणीक तिंबणारा पोऱ्या गावी गेला तो परतलाच नाही. वस्तादाने मोरीकडे पाहिले. "ए पोऱ्या, हात धू. इकडे ये." अशी मला मोरीतून बढती मिळाली. पहाटे पुरीची कणीक तिंबायची, ओल्या फडक्याखाली झाकायची, पुरीवाल्याला गोळे करून द्यायचे. पगार पन्नास रुपयांनी वाढला. आईने तो आनंद शेजारच्या घरी जाऊन सांगितला.

5 डिसेंबरच्या संध्याकाळी मी दुसऱ्या दिवसाची सुट्टी मागितली. वस्तादाने कारण विचारले. खोटे सांगता आले असते. आजारी आहे म्हणता आले असते. मी म्हणालो, "चैत्यभूमीला जायचंय."

पुरीवाल्याने हातातले लाटणे खाली ठेवले. कोणी काही बोलले नाही. भट्टीचा आवाज तेवढा येत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी आईवडिलांबरोबर रांगेत उभा होतो. गावोगावाहून लाखो माणसे आली होती. परत येताना हॉटेलवरून गेलो. आपलीच माणसे, पांढरी वस्त्रे ल्यालेली, समोरच्या दाराने आत जाऊन पुरीभाजी खात होती. गल्ला भरत होता. भारतीय संविधानाच्या 15 व्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा शब्दशः उल्लेख आहे. तेथे जातीच्या कारणाने कोणाला अटकाव करता येत नाही. 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तो समोरचा दरवाजा बाबासाहेबांनी उघडून दिला. मागच्या दरवाजाची गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली.

7 तारखेला पहाटे गेलो तर परात भरलेली होती. कणीक दुसऱ्यानेच तिंबली होती. पुरीवाला माझ्याकडे न पाहता म्हणाला, "याच्या हातचं पीठ मी लाटणार नाही." मी वस्तादाकडे पाहिले. वस्ताद सांबाराच्या पातेल्यावर वाकला होता. शेट आला आणि त्याने धंद्याच्या माणसाचा निवाडा केला, "भांडण नको. तू मोरीवर जा." वाढलेले पन्नास रुपये गेले आणि एका दिवसाच्या सुट्टीबद्दल दोन दिवसांचा खाडा लागला.

काकांनी सांगितलेली गोष्ट

मोरीवर बशा घासताना माझे डोळे वाहत होते. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरा, तुझा बाप रिंग खात्यात का होता, ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हते. ते त्यांनी सांगितले. जुन्या काळी मागावर तुटलेला धागा जोडताना त्याला तोंडातली थुंकी लावावी लागे. आपल्या माणसाची थुंकी लागलेला धागा हाती कसा घ्यायचा, म्हणून विणकाम खात्यात त्यांना येऊच द्यायचे नाही. त्या खात्यात पगार जास्त होता. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न जाहीरपणे मांडला होता.

"आमच्या बापजाद्यांनी तो विटाळ पाळला," काका म्हणाले. "मीही त्यावर कधी बोललो नाही. संपात खातं गेलं, माग गेला, धागा गेला. आता मी इथं सगळ्या जातींचं उष्टं काढतो. मग विटाळ राहिला कुठं? पुरीवाल्यानं माझ्या हातच्या धुतल्या ताटात जेवायचं आणि तुझ्या हातची कणीक नको म्हणायचं!"

त्यांनी माफी मागितली नाही आणि मला तशी अपेक्षाही नव्हती. पण मोठ्या माणसाने आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगितलेली मी पहिल्यांदा ऐकली.

माझी पहिली खतावणी

मोरीवर परतल्याचा एक फायदा झाला. फुटलेल्या कपबश्यांचा हिशेब माझ्या डोळ्यासमोर होऊ लागला. बाजारात चार रुपयांना मिळणाऱ्या कपबशीचे शेट आठ रुपये कापत असे. एक कप फुटला की बाहेरवाल्याच्या नावावर एक आणि टेबलवाल्याच्या नावावर एक लागे. मी शंभर पानी वही आणली. प्रत्येकासाठी एक पान. हजेरी, खाडा, उचल, फूट आणि हाती आलेली रक्कम. पुढे बी.कॉम.ला खतावणी शिकलो तेव्हा वाटले, हे तर आपण मोरीवरच शिकलो होतो.

दोन महिन्यांत चित्र स्पष्ट झाले. सात जणांपैकी एकालाही ठरलेला पगार पूर्ण मिळाला नव्हता. बाहेरवाल्याला मी त्याचे पान वाचून दाखवले. त्याने ते पुन्हा वाचायला लावले. मग वहीवर बोट ठेवून म्हणाला, "ये मेरा नाम है? मुझे लिखना सिखा दो." त्या रात्रीपासून हॉटेल बंद झाल्यावर टेबले जोडून झोपण्यापूर्वी तो नाव गिरवू लागला.

दुसरी अडचण शाळेची. रात्रशाळा साडेसहाला भरे आणि हॉटेलची गर्दीही त्याच वेळी. आठवड्यातून तीन दिवस मी शाळेत पोहोचतच नसे. आणखी एका पोराचे तेच. मुंबईतील उडुपी हॉटेलांतली कितीतरी कानडी मुले रात्रशाळेत शिकून पुढे आली. वस्तादही त्यांच्यापैकीच, पण चौथीनंतर सुटलेला. शाळेचा विषय निघाला की तो विनाकारण चिडे. त्याचे कारण मला फार उशिरा कळले.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सात वाजता, ऐन गर्दीत, आम्ही सात जण मागच्या दाराबाहेर पायरीवर बसलो. घोषणा नाहीत, शिवीगाळ नाही. काकांच्या हातात वही होती. आत बशांचा ढीग वाढत गेला. शेट तणतणत आला, पोलिसांना बोलावतो म्हणाला. काका म्हणाले, "बोलवा. वही त्यांनाही दाखवू." अर्ध्या तासाने शेट पायरीवर टेकला आणि वही चाळू लागला.

कपबशीची कपात बंद झाली. दोन्ही पोरांना सहाला सोडायचे ठरले. त्याबदल्यात पहाटे पाचला यायचे. एका दिवसाला एकच खाडा. कणकेचा विषय मात्र वहीत नव्हता. तो कोणी काढला नाही, मीही काढला नाही. त्याची खंत आजही आहे.

पुरीवाला परत येतो

पुढच्या पावसाळ्यात पुरीवाला महिनाभर गावी गेला. पहिल्याच पहाटे वस्तादाने हाक मारली, "ए, हात धू. इकडे ये." बस्स. मी परातीपुढे उभा राहिलो.

पुरीवाला परतला तेव्हाही वस्तादाने मला तेथून हलवले नाही. "परात त्याची. तुला लाटायचं तर लाट, नाहीतर मोरी मोकळी आहे." पुरीवाला गोळे लाटू लागला, कारण नोकरी होती. पण खायला स्वतःचा भात वेगळा शिजवू लागला. असे चार दिवस चालले. पाचव्या दिवशी गर्दी इतकी होती की त्याला भात टाकायला वेळ मिळाला नाही. दुपारी तीन वाजता त्याने परातीतल्या दोन पुऱ्या घेतल्या आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ल्या. कोणी हसले नाही. काकांनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

वस्तादाने हे समतेसाठी केले, की पहाटे पाचला कणीक तिंबायला दुसरे कोणी नव्हते म्हणून केले, हे मला सांगता येणार नाही. पण 1997 च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा सुरू झाली तेव्हा त्याने मला पंधरा दिवस पगारी सुट्टी मिळवून दिली. निकालाचा कागद त्याने हात पुसून हातात घेतला होता.

त्या मुलाला काय सांगितले?

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. 2017 च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात एका उच्चपदस्थ बाईंनी आपल्या घरी सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईंविरुद्ध जात लपवल्याची फिर्याद दिली होती. पुढे ती मागे घेतली गेली. त्या स्वयंपाक करणाऱ्या बाई मराठा समाजाच्या होत्या. काकांचे बोलणे मला तेव्हा आठवले. विटाळाची रेघ एकदा मान्य केली की ती कोणाच्या दारात येऊन थांबेल, सांगता येत नाही.

काही बदलले आहे, तेही सांगितले पाहिजे. 10 ऑक्टोबर 2006 पासून हॉटेले, ढाबे आणि घरकाम यांत चौदा वर्षांखालील मुले ठेवण्यास बंदी आली. 2016 च्या दुरुस्तीने ती बंदी जवळजवळ सर्वच कामांना लागू झाली. 1955 चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा 1976 च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाचा दुप्पट दर हेही कायद्यात आहे. हॉटेल किती कामगारांचे आहे यावर कोणता नियम लागू होतो ते ठरते, म्हणून कामगार कार्यालयात जाऊन विचारावे. विचारण्याची लाज वाटू देऊ नये.

त्या मुलाला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, आडनाव विचारले तर खरे सांग. लपवलेले नाव रोज थोडे थोडे गळा आवळते, हे मी त्या सहा महिन्यांत भोगले आहे. कोणी त्यावरून कामातून काढले तर एकटा घरी येऊ नकोस, मला बोलाव. दुसरी गोष्ट म्हणून मी त्याच्या हातात एक शंभर पानी वही दिली. पहिल्या पानावर स्वतःचे नाव लिही म्हटले, आणि दुसऱ्या पानावर मोरीवर जो कोणी असेल त्याचे.

पहिल्या आठवड्याने तो आला. वहीची तीन पाने भरली होती. तिसऱ्या पानावरचे अक्षर त्याचे नव्हते. वेडेवाकडे, गिरवलेले होते.