दर्शनी भिंतीला दगड कोणता?

ऊसबिलाचा हप्ता खात्यावर पडला की गावोगावी पाया खोदायला सुरुवात होते. मागल्या पिढीला दगडाचा प्रश्न नव्हता. खाणीतला काळा दगड गाडीत घालून आणायचा, पाथरवटाने घडायचा, गवंड्याने रचायचा. आता सिमेंटचा साच्यातला दगड तयार मिळतो. हवा तो रंग, वजनाला हलका, आठवड्यात भिंत सजते. मग घरातली मंडळी म्हणतात, "कशाला तो काळा धोंडा?" आमच्या घरीही हाच वाद झाला, म्हणून हे चार शब्द.

आधी आपल्या जमिनीकडे पाहू. जादा पाण्याने कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या. शेतात वर येणारे हेच मीठ ओलीबरोबर जोत्यातून भिंतीतही चढते. भिंत वाळली की मीठ आत राहते, छिद्रांत त्याचे खडे वाढतात आणि पापुद्रे सुटू लागतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. साच्यातला दगड पाणी पितो, म्हणून त्याला लोणा लवकर धरतो. आमच्या शेजारी एका घराची दर्शनी बाजू चार पावसाळ्यांत गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत सोलवटली. त्यावरचा तोच दगड आजही शाबूत आहे. आम्ही दगडाला दोष देत नाही, तो चुकीच्या जागी बसवला गेला.

आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. घनफुटाला ऐंशी किलोच्या आसपास भरतो आणि घट्ट असेल तर पाणी जवळजवळ शोषत नाही. पण काळा दिसला म्हणून घेऊ नये! काही थरांत छिद्रे असतात, पांढऱ्या खड्यांच्या गाठी असतात. हातोडी मारून पाहावी, खणखणीत वाजला पाहिजे. शंका वाटली तर तुकडा कोरडा तोलावा, दिवसभर पाण्यात ठेवून पुन्हा तोलावा. साच्यातल्या दगडालाही हीच परीक्षा लावावी, शिवाय एक तुकडा फोडून रंग आतपर्यंत आहे की नुसता वरवर, हेही बघावे.

पुण्याचा शनिवारवाडा १७३२ मध्ये पुरा झाला. त्याच्या तटाला खाली घडीव दगड आहे आणि वर वीट. आम्हीही तेच केले. जोत्यापासून खिडकीच्या तळापर्यंत काळा दगड, त्यावर साच्यातला. दगडाहून घडाईची मजुरीच जड जाते, ती अशी निम्म्यावर आली. दगड बसला तरी सांध्यांतून ओल चढतेच, तेव्हा जोत्यावर डीपीसीचा थर चुकवू नये. आणि वरचा दगड गुळगुळीत गिलाव्यावर चिकटवू देऊ नका. भिंतीला आधी टाचे मारून घ्या, नाहीतर एखादा तुकडा ओट्यावर खेळणाऱ्या पोराच्या डोक्यात यायचा.

पाथरवट मात्र आता मोजके उरलेत आणि उन्हाळाभर त्यांना उसंत नसते. गळीत संपायची वाट न पाहता दिवाळीतच त्यांच्याशी बोलून ठेवावे.