लिंक पाठवायची की एसटी पकडायची?

रविवारी रात्री नऊची बैठक. भागीदार पाच, मोबाईल चार. पाच मित्रांनी मिळून नांदेड जिल्ह्यातल्या एका गावात मसाला दळण्याचे छोटे युनिट टाकले होते. तिघे पुण्यात नोकरीला, दोघे गावी राहून युनिट सांभाळणारे. त्यातल्या एकाच्या फोनला रेंज नव्हती म्हणून गावातले दोघेही एकाच फोनसमोर बसलेले. विषय होता पहिल्या वर्षाच्या नफ्याचे वाटप. जयभीम झाले, पुण्यातल्या एकाने स्क्रीनवर हिशेबाचा तक्ता दाखवला आणि विचारले, "सगळ्यांना समान वाटू. कुणाची हरकत?" दोन सेकंद कुणीच बोलले नाही. "ठीक आहे मग." लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर ठराव पडला : सर्वानुमते मंजूर.

तीन महिन्यांनी गावातल्या एकाने युनिटवर येणे बंद केले. मी बचत गट आणि तरुणांच्या छोट्या उद्योगांसोबत काम करते, म्हणून प्रकरण माझ्यापर्यंत आले. तो म्हणाला, "ताई, मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा फोन म्यूटवर होता. म्यूट काढेपर्यंत विषय संपला होता."

पुण्यातल्या तिघांना कुणाला फसवायचे नव्हते. हा विषय व्हिडिओवर घ्यायचाच नव्हता, एवढीच त्यांची चूक. पण ती महागात पडू शकते आणि त्याचे कारण कायद्यात आहे. 1932 च्या भागीदारी कायद्याचे कलम 13 सांगते की, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर नफा-तोटा सर्वांचा समान आणि धंद्याचे काम केल्याबद्दल भागीदाराला वेगळा मोबदला नाही. म्हणजे पहाटे उठून मिरची वाळत घालणारा आणि महिन्यातून एकदा हिशेब बघणारा, दोघे सारखेच. "आमची मजुरी आधी धरा, मग नफा वाटा" हे सांगण्याची संधी त्या मुलाला फक्त त्या बैठकीत होती. कलम 12 तर असेही म्हणते की रोजच्या बाबी बहुमताने ठरवता येतील, पण ठरवण्याआधी मत मांडण्याचा हक्क प्रत्येक भागीदाराला आहे. हक्क कागदावर होता, वापरायला दोन सेकंद मिळाले.

व्हिडिओवर असे का होते? 2009 मध्ये दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढाच वेळ जातो, असे त्यात दिसले. नेटवर्कमुळे आवाज उशिरा पोहोचला की हे गणित बिघडते. दोघे एकदम बोलू लागतात, दोघे थांबतात. मग पुन्हा सुरुवात कोण करतो? ज्याचे नेट चांगले, ज्याला बोलायची सवय, ज्याचा पैसा जास्त, तो. बिचकणारा बिचकलेलाच राहतो. एका खोलीत बसलेले असताना गप्प माणूसही कळतो. तो मान खाली घालतो, चहा तसाच ठेवतो, शेजारच्याकडे बघतो. मोबाईलच्या चौकटीत गप्प बसणे म्हणजे संमती, नाराजी की रेंज गेली, काहीच कळत नाही.

म्हणून सगळ्या बैठका समोरासमोर घ्या, असे मी म्हणणार नाही. विक्री किती झाली, माल किती शिल्लक, कोणती ऑर्डर अडकली, जीएसटी रिटर्नची तारीख, सीएशी बोलणे, यासाठी माणसांना एसटीत बसवणे हा अन्याय आहे. गावातून तालुक्याला यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. लहान मूल असलेल्या बाईला संध्याकाळची बैठक जमतच नाही. "काही झाले तरी प्रत्यक्ष भेटलेच पाहिजे" असा आग्रह धरणाऱ्याकडे बहुतेक वेळा स्वतःची गाडी असते, हेही मी पाहिले आहे.

2022 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या ब्रक्स आणि लेव्हाव यांच्या संशोधनाचा इथे उपयोग होतो. पाच देशांतल्या अभियंत्यांच्या जोड्यांना त्यांनी नव्या कल्पना सुचवायला सांगितले. व्हिडिओवरच्या जोड्यांना कमी कल्पना सुचल्या. पण सुचलेल्यांतून चांगली निवडण्यात त्या मागे नव्हत्या. नजर पडद्याला चिकटली की विचारही आक्रसतो, असे कारण ते देतात. तेव्हा नवे उत्पादन काय काढायचे यावर डोके चालवायला एकत्र बसा, तीन कोटेशनमधून एक निवडायला व्हिडिओ पुरेसा आहे.

भागीदारीचा करार, कोणाचा किती वाटा, काम करणाऱ्याची मजुरी, हिशेबातली चूक, एखाद्याला घेणे किंवा काढणे, हे विषय मात्र समोरासमोरच घ्यावेत. कर्जाला जामीन राहण्याचा विषय तर नक्कीच, कारण तिथे कुणाचे तरी घर पणाला लागते. लिंक पाठवण्याआधी मी एकच विचारते : या बैठकीत कुणाला 'नाही' म्हणावे लागेल का? लागणार असेल, तर त्याच्यासमोर जाऊन बसायला हवे.

कंपनी कायद्यातही पूर्वी अशी रेषा होती. 2014 च्या नियमांनुसार वार्षिक हिशेब मंजूर करणे, कंपन्यांचे विलीनीकरण असे काही विषय संचालकांना केवळ व्हिडिओवर घेता येत नव्हते. जून 2021 मध्ये हे बंधन काढले गेले. पण त्याच नियमांतल्या दोन सवयी छोट्या गटांनीही उचलाव्यात. सुरुवातीला प्रत्येकाने आपण कुठून बोलतो आहोत आणि सोबत दुसरे कुणी ऐकत नाही, हे सांगायचे. आणि हरकत आली तर नाव घेऊन एकेकाचे मत नोंदवायचे. "कुणाची हरकत?" असा मोघम प्रश्न नकोच.

आपल्याला हे नवे वाटू नये. 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघातल्या ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणीच्या नियमांचा उल्लेख केला होता. विनयात वाद मिटवण्याच्या सात पद्धती आहेत, त्यातली पहिली संमुखाविनय, म्हणजे संबंधितांच्या समक्ष. मात्र आजारी भिक्खूला आपली संमती दुसऱ्याकरवी कळवण्याची सोयही तिथे होती.

त्या पाच जणांचे पुढे असे झाले. पुण्यातले तिघे शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाले, भाडे फर्मच्या खर्चात टाकले. शनिवारी युनिटमध्येच पोत्यांवर बसून बैठक झाली. पहिला तासभर फक्त भांडण. मग गावातल्या दुसऱ्याने, जो तोवर एक शब्द बोलला नव्हता, कामाच्या तासांची वही पुढे ठेवली. दुपारपर्यंत दोघांची मासिक रक्कम ठरली, मागच्या वर्षाचा फरक दोन हप्त्यांत द्यायचे ठरले आणि करारात तसे कलम घालायला वकिलाकडे कागद गेला.

पुढच्या महिन्याची बैठक पुन्हा व्हिडिओवर झाली. विषय होता हळदीचा भाव. वीस मिनिटांत संपली.